मुळावर आलेली प्रत

आमच्या घरात गेल्या एकतीस वर्षांत एकही व्रत मोडलेलं नाही. हे मी गर्वानं सांगत नाही. गर्व करायचा नाही, हेही माझं एक व्रतच आहे, दर शुक्रवारचं. सोमवारी मीठ नाही, गुरुवारी एकवेळ जेवण, चतुर्थीला चंद्र पाहिल्याशिवाय घास नाही. समोर नवीन अपार्टमेंट उठल्यापासून आमच्या अंगणातून चंद्र दिसेनासा झाला, तेव्हापासून मी शेजारच्या तेलुगू अप्पारावगारूंच्या, म्हणजे अप्पारावसाहेबांच्या, गच्चीवर जाऊन पाहते. पण पाहते!

तेव्हा त्या वर्षीच्या नवरात्रात जे झालं, त्यात माझा दोष कितपत, ते तुम्हीच ठरवा. मी घडलं तसं सांगते. एक गोष्ट तेवढी शेवटाकडे सांगेन.

आमची मेघना डॉक्टर. इथलं शिक्षण झालं, पण आता अमेरिकेत डॉक्टरकी करायची म्हटली की तिकडची एक परीक्षा द्यावी लागते. ती इथं नसतेच, बँकॉकला जाऊन द्यावी लागते. म्हणजे हैदराबादच्या मुलीनं अमेरिकेत जाण्यासाठी आधी बँकॉकला जायचं! हे म्हणाले, "काचीगुड्याहून आबिड्सला जायला कुणी व्हाया विजयवाडा जातं का?" पण सगळेच जात होते. त्या वर्षांत काचीगुड्यात प्रत्येक घरातलं एक पोर कॉम्प्युटर शिकत होतं, आणि जे शिकत नव्हतं ते बँकॉकला जात होतं.

मेघनाचा हा दुसरा प्रयत्न होता. पहिल्यात ती तीन मार्कांनी राहिली. तिसऱ्याचं नाव काढायचं नाही, जमलं नाही तर खेड्यातल्या सरकारी दवाखान्याची नेमणूक मुकाट्यानं घ्यायची, असं बापलेकीत ठरलं होतं. त्या खेड्यात बस दिवसातून एकदा जाई. ती परत येते की नाही, हे नेमणुकीच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे एकेका मार्काला आमच्या घरी प्रसादाच्या पेढ्यासारखी किंमत आली होती.

या परीक्षेसाठी एक मार्गदर्शक पुस्तक असतं. हिरवं, जाड, उशाला घेतलं तर मान अवघडेल एवढं. रोग लक्षात कसे ठेवायचे, विषं कोणती, त्यांचे उतारे कोणते, सगळं त्यात चौकटी-चौकटींनी दिलेलं. वरुण नावाच्या मेघनाच्या मित्रानं ते चुलतभावाकरवी अमेरिकेहून मागवलं होतं. सगळ्या मित्रमंडळींत ते एकच. परीक्षेला बसणारे चौघं: आमची मेघना, हा वरुण, अप्पारावगारूंची शिल्पा आणि हिमायतनगरचा ओमकार. चौघांनी त्याच्या चार झेरॉक्स काढून घेतल्या, पण झेरॉक्समध्ये रंगीत चौकटी सगळ्या काळ्या ठोकळ्यासारख्या आल्या. शुद्ध रक्त काळं, अशुद्ध रक्तही काळं! मेघना आबिड्सच्या झेरॉक्सवाल्याशी भांडायला गेली, तर तो म्हणाला, "मशीन कू क्या मालूम अम्मा, खून कौनसे रंग का है!"

म्हणून मग खरं पुस्तक पाळीपाळीनं चौघांकडे फिरू लागलं. शेवटची पाळी मेघनाची. दसऱ्याला दुपारी चौघांनी मद्रासची गाडी पकडायची, तिथून विमान. सगळं ठरलेलं होतं.

नवरात्रातली सप्तमी होती. मेघनाची हॉस्पिटलात सलग दीड दिवसाची ड्यूटी. नवरात्रात मी सकाळी उठल्यापासून नैवेद्य होईपर्यंत मौन पाळते. त्या दिवशी नैवेद्य झाला, मौन सुटलं, मी सरस्वतीचा चौरंग मांडायला घेतला आणि फोन वाजला.

मेघना होती. मागे कुणीतरी मोठमोठ्यानं विव्हळत होतं.

"आई, माझ्या टेबलावर ते हिरवं पुस्तक आहे ना?"

"आहे."

"ते नीट सांभाळून ठेव. मूळ आहे, लक्षात आहे ना?"

मी पंचांगाकडे पाहिलं. मूळ नक्षत्र एक वाजून चाळीस मिनिटांनी लागलं होतं. घड्याळात पावणेदोन झाले होते.

"आत्ताच लागलं," मी म्हणाले.

"काय लागलं? ऐकू येत नाही! कुणाच्या हाती देऊ नकोस! कुणाचाही हात लागणार नाही अशा ठिकाणी ठेव. मूळ आहे म्हणून सांगते!"

फोन कट झाला, आणि माझे डोळे भरून आले. ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते: नवरात्रात मूळ नक्षत्रावर सरस्वतीचं आवाहन करायचं, घरातली पुस्तकं तिच्यापुढे मांडायची आणि श्रवण नक्षत्र लागलं की विसर्जन करायचं. मधले दिवस अनध्याय. त्या पुस्तकांना हात लावायचा नाही, ती वाचायची नाहीत, जागची हलवायची नाहीत. लहानपणी मेघनाला हा सण फार प्रिय होता. पुढे डॉक्टर झाल्यावर तिनं देवघराचा उंबरा ओलांडलेला मला आठवत नाही. आणि आज मुलीनं ड्यूटीवरून, विव्हळणाऱ्या पेशंटला बाजूला ठेवून, मूळ नक्षत्राची आठवण करावी!

मी हिरवं पुस्तक उचललं. एकटं दिसायला बरं दिसेना म्हणून शेजारची तिची झेरॉक्सही घेतली. दोन्ही चौरंगावर मांडली, वर तांबडं वस्त्र, हळदकुंकू, अक्षता, आणि पुढे तुपाचं निरांजन. कुणाचाही हात लागणार नाही अशी याहून चांगली जागा काचीगुड्यात दाखवा.

दुसऱ्या दिवशी, अष्टमीला, सकाळी आठ वाजता वरुण आला. मी सोवळ्यात, केस ओले, नंदादीपापुढे बसलेली. धुपाच्या धुरानं डोळ्यांत पाणी. आणि मौन. मौनात लिहायची पाटी स्वयंपाकघरात राहिलेली.

"काकू, पाच मिनिटं पुस्तक द्या ना. एकच पान बघायचंय."

पुस्तक देवाजवळ ठेवलं आहे, हे सांगण्यासाठी मी देवघराकडे बोट केलं, मग वर आभाळाकडे केलं आणि हात जोडले. वरुणचा चेहरा बदलला. त्यानं खोलीभर पाहिलं. जमिनीशी दिवा, ह्यांची खुर्ची रिकामी, खुर्चीवर चष्मा आणि घडी घातलेला पंचा.

"काकू... काका?"

मी मान हलवली. काका घरी नव्हते.

"कधी?"

मी सहा बोटं दाखवली. हे सहा वाजताच बाजारात गेले होते.

"असे अचानक?"

अचानकच. देवीला केळी कमी पडतील हे मला ऐन वेळी लक्षात आलं, पाटीवर लिहून दाखवलं आणि हे चष्मा न घेताच निघाले. मी पुन्हा मान हलवली. वरुणनं खाली वाकून माझ्या पायांना हात लावला. नवरात्रात मुलानं नमस्कार केला म्हणून मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो डोळे पुसत गेला. इतका हळवा मुलगा मी पाहिला नव्हता.

नैवेद्य आटोपून बाहेर येते तो दारात गर्दी! ओमकार, शिल्पा, वरुण, अप्पारावगारू, त्यांची बायको आणि हिमायतनगरहून ओमकारच्या आई तारामतीबाई, पदर तोंडाला लावून. सगळे पांढऱ्या कपड्यांत. अप्पारावगारूंच्या बायकोनं मला मिठीच मारली.

"वदिनगारू, एंत पनि अयिंदी!" म्हणजे, काय झालं हे!

"काय झालं?" मी म्हणाले.

"धक्का बसलाय," वरुण शिल्पाला हळूच म्हणाला. "डिनायल."

तेवढ्यात हे तीन बाजार पालथे घालून केळ्यांचा फणा घेऊन आले. दारात एवढी माणसं पाहून मागेच थांबले. पायांतल्या चपला काढल्या आणि सगळ्यांत मागे उभ्या असलेल्या ओमकारला हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं हो?"

"बाळकृष्णकाका," ओमकार मागे न बघता म्हणाला.

"अरेरे," हे म्हणाले आणि डोळे मिटून हात जोडून उभे राहिले. मग थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणाले, "कुठले बाळकृष्ण?"

त्यानंतर जो गोंधळ झाला तो मी सांगत नाही. ओमकार केळ्यांवर पडला, एवढं पुरे.

सगळं निवळल्यावर मी खुलासा केला. मी वर हात केला तो देवीसाठी. पुस्तक सरस्वतीपुढे आहे, दसऱ्याला दुपारी श्रवण लागेल तेव्हा मिळेल.

चारपैकी तीन डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. आयांचं मात्र लक्ष भलतीकडे गेलं.

"खरं पुस्तक पूजेत बसवलं?" तारामतीबाईंनी पदर तोंडावरून काढला. "अवो बाई, मग आमच्या ओमकारचंबी ठिवा की तिथं! पोरगं लय परेशान हाय. रात्री झोपेत रोगांची नावं घेतंय."

"मा शिल्पा पुस्तकं कूडा पेट्टंडि!" अप्पारावगारूंची बायको म्हणाली आणि आपल्या शिल्पाचं पुस्तकही आणायला घराकडे पळाली.

"अम्मा, वद्दु!" शिल्पा मागून ओरडली. नको म्हणून. पण तोवर तिच्या झेरॉक्सला आमच्या देवघराचा वास लागलाही होता.

तास झाला नाही तोच गुलबर्ग्याहून वरुणच्या आईचा एसटीडी. तिला बातमी दोन हप्त्यांत कळली होती. आधी काका गेल्याची आणि मग पुस्तकाची. काका आहेत याचा आनंद तिनं थोडक्यात आटोपला.

"भारतीताई, मीटर पळतंय म्हणून पटकन सांगते. वरुणचंही ठेवा. तो नाही म्हणेल. ऐकू नका!"

संध्याकाळी मेघना घरी आली तेव्हा चौरंगावर पाच ग्रंथ होते. एक हिरवा, चार काळे. वर एकच तांबडं वस्त्र, जोडून जोडून पुरवलेलं.

तिनं चपलांसकट हॉलमध्ये येऊन विचारलं, "आई, पुस्तक?"

मी देवघराकडे पाहिलं. तिनंही पाहिलं.

"आई!"

"तूच सांगितलंस ना, मूळ आहे म्हणून?"

"मूळ प्रत आहे! मूळ म्हणजे ओरिजिनल गं!"

"मग ओरिजिनल म्हणायचं."

"तूच वर्षभर माझ्या मागे लागलीयस ना, घरात मराठी बोल, मराठी बोल!" मेघनाचा आवाज फुटला. "आयुष्यात एकदा तुझ्यासाठी शुद्ध मराठी बोलले!"

हे वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, "बोलली ते चांगलंच झालं. फक्त संपूर्ण वाक्य बोलायचं राहिलं."

मेघना देवघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली. एक पाय आत टाकला. मी मोठ्यानं बोलतच नाही कधी. नुसतं पाहिलं. तिनं पाय मागे घेतला.

"नको," ती म्हणाली. "उद्या नापास झाले तर तू म्हणशील, अनध्यायात पुस्तक उचललंस म्हणून. मला जन्मभर ऐकावं लागेल. मी शिल्पाची झेरॉक्स आणते."

"शिल्पाचीही आत आहे," मी म्हणाले.

"ओमकारची?"

"डावीकडची."

ती जमिनीवरच बसली. रडली नाही, पण रडली असती तर बरं वाटलं असतं. दोन वर्षांचं तिचं जागरण त्या एका तांबड्या वस्त्राखाली होतं, हे मलाही दिसत होतं. मी दिव्यात वात पुढे सारली आणि देवीला म्हटलं, आता तुझं तू बघ.

नवमीला सकाळपासून चौघेही आमच्याच हॉलमध्ये. पुस्तकं आत, डॉक्टर बाहेर. ओमकारनं विचारलं, "काकू, वाचायचं नाही. पण जे आधी वाचलंय ते बोलायला चालतं?"

मी मौनात होते. पाटीवर लिहिलं: चालतं.

मग ते चौघे भेंड्या खेळावे तसे रोग खेळायला लागले. एकानं रोग म्हणायचा, दुसऱ्यानं लक्षणं, तिसऱ्यानं औषध. मी स्वयंपाकघरात फराळाचं करत ऐकत होते. दुपारपर्यंत माझी चटकदार शेंगदाण्याची आमटी झाली आणि त्यांची सगळी फुप्फुसं संपली. खरं सांगते, इतकं सुंदर पारायण आमच्या घरी आजवर झालेलं नाही. एकाला आठवेना ते दुसरा सांगे, दुसऱ्याचं चुकलं तर शिल्पा "छी, नक्को!" म्हणून ओरडे, आणि मेघनाला तर सगळ्यांपेक्षा जास्त येत होतं. मग कळलं, पोरीला इतकं येत होतं आणि पुस्तक समोर असलं की ती पान उलटत बसत होती.

फक्त एका ठिकाणी सगळे अडले. विषं आणि त्यांचे उतारे यांची चौकट होती. रंगीत, म्हणून झेरॉक्समध्ये नव्हतीच. बावीस विषं. एकवीस जमली. बाविसावं थॅलियम.

"त्याच्यावर काहीतरी निळं असतं," शिल्पा म्हणाली.

"निळं?" ओमकार म्हणाला. "मला पिवळं वाटतंय."

"पिवळी ती चौकट होती," मेघना म्हणाली. "दर वर्षी येतं हे. गेल्या वेळी मी हेच चुकले होते."

तीन मार्कांनी राहिलेल्या मुलीच्या तोंडून हे वाक्य आईला ऐकवत नाही.

दुपारी ते चौघे डोकी धरून कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलात चहा प्यायला गेले. मी देवघरात गेले. आणि आता ती गोष्ट.

उत्तराषाढा नक्षत्रावर सरस्वतीपुढे बळी द्यायचा असतो. आमच्याकडे कोहळा देतात. कोहळा ठेवायला मी तबक सरकवलं आणि तबक निरांजनाला लागलं. विझत आलेलं निरांजन कलंडलं, आणि आतलं सगळं तूप तांबड्या वस्त्राच्या कडेनं हिरव्या पुस्तकात शिरलं. अगदी आवाज न करता. माणूस गच्च बसमध्ये शिरतो तसं आधी थोडं, मग पूर्ण.

मेघनानं सांगितलं होतं, सांभाळून ठेव. तूप कितपत गेलं हे पाहायला नको? हलवायचं नाही, हा नियम. मी हलवलं नाही. जागच्या जागी, दोन बोटांनी, वस्त्राची कड आणि पुठ्ठा तेवढा वर केला. वाचायला नव्हे, तूप बघायला!

मेघनानं बसचं तिकीट खूण म्हणून घातलं होतं, पुस्तक तिथंच उघडलं. पिवळी चौकट. शेवटची ओळ. इंग्रजी मला वाचता येतं, मॅट्रिकला दुसरा वर्ग होता. डावीकडे थॅलियम होतं. उजवीकडे पान तुपानं काचेसारखं पारदर्शक झालेलं, त्यामुळे शब्दांवर शब्द बसलेले. 'ब्लू' अगदी स्वच्छ दिसत होतं. त्याच्या आधीचा शब्द गर्दीत होता. मी वाकून पाहिलं. एम, ई, टी, एच... मेथी!

मेथी म्हटल्यावर मला काही शंका उरली नाही. मेथी विषावरसुद्धा चालते हे ऐकून आनंदच वाटला. मी पुठ्ठा मिटला, अक्षता सारख्या केल्या आणि मग लक्षात आलं, की मी वाचलं होतं. अनध्यायात. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

मंडळी चहा पिऊन आली. मेघना खिडकीशी उभी राहून स्वतःशीच पुटपुटत होती, "थॅलियम, थॅलियम..." मला राहवेना. पण मी कुठून सांगणार?

"अगं, काल हा वरुण म्हणत होता ना काहीतरी," मी हळूच म्हणाले. "मेथीचं काहीतरी. निळं."

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. वरुणचे डोळे चमकले.

"मेथिलीन ब्लू!" तो म्हणाला. "हो, हो! मीच म्हणालो होतो काल!"

"तू कधी म्हणालास?" मेघनानं विचारलं.

"काकूंना आठवतंय, तुला नाही आठवत?"

"पण मेथिलीन ब्लू आधीच एकदा येऊन गेलंय, दुसऱ्या विषाला," शिल्पा म्हणाली.

"मग दोन विषांना एक औषध चालत नाही? पॅरासिटामॉल नाही का कशालाही चालत!" वरुण म्हणाला.

ओमकारनं मान डोलावली. बावीस झाली. मेघनानं सुटकेचा श्वास टाकला, आणि मीही.

दसऱ्याला नवीन अडचण. आमच्या पंचांगात श्रवण दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी लागत होतं. गाडी सिकंदराबादहून चारला. दसऱ्याच्या गर्दीत तीन बाराला विसर्जन करून निघायचं म्हणजे गाडीला बाहेरूनच नमस्कार.

सकाळी नऊ वाजताच अप्पारावगारू तेलुगू पंचांग काखेत मारून आले. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, वेळापत्रकावर त्यांची श्रद्धा.

"आमच्यात श्रवणं अकरा अठ्ठेचाळीस," ते म्हणाले. "राइट टाइम."

चार डॉक्टर एका क्षणात अप्पारावगारूंच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"आई, असं बघ," मेघना अतिशय गोड आवाजात म्हणाली. "आपण आंध्रात राहतो. रेशन आंध्राचं, पाणी आंध्राचं. मग श्रवणच तेवढं महाराष्ट्राचं कशाला?"

"ऐका," हे म्हणाले, "आपली देवी कुठं बसली आहे? काचीगुड्यात. तिला इथलंच घड्याळ लागू."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझं मौन सुटायला वेळ होता. एरवी मी पाटीवर काय लिहिलं असतं हे मला ठाऊक आहे. पण आदल्या दुपारनंतर पंचांगावरून भांडायला मला तोंडच उरलं नव्हतं. मी पाटीवर लिहिलं: ११.४८.

हे चष्मा काढून माझ्याकडे पाहतच राहिले. अप्पारावगारू म्हणाले, "एंत मंचि मनसु!" किती मोठं मन! ते आजही सगळ्यांना सांगतात.

अकरा अठ्ठेचाळीसला विसर्जन झालं आणि मेघनानं झडप घालून हिरवं पुस्तक उघडलं. चौकट उघडली. मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मी तिच्या जन्मानंतर ऐकला नव्हता.

"आई, हे काय?"

"देवीचं तूप," मी म्हणाले.

शंभरेक पानं अशी झाली होती की एक उघडलं की चार दिसत. पोटातून पाठ दिसत होती. वरुणनं पान उजेडाकडे धरलं. "हे बघा, एम दिसतोय! मेथिलीनच! सांगितलं नव्हतं मी?" चौघांनी पाहिलं, चौघांना एम दिसला. तशा अवस्थेत कुणालाही काहीही दिसलं असतं.

"अमेरिकेच्या पुस्तकाला साजूक तूप पहिल्यांदाच मिळालं असेल," हे म्हणाले. मी चौघांच्या हातावर दहीसाखर घातली. मुलं गेली.

निकाल पोस्टानं आला. चौघेही पास! मेघना अगदी काठावर, पण पास! तारामतीबाई हिमायतनगरहून पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या आणि आमच्या चौरंगाला नमस्कार करून गेल्या. पुढच्या नवरात्रात आमच्याकडे एकोणीस पुस्तकं आली. तारामतीबाईंनी धाकट्या बबलूचा कॉम्प्युटरच रिक्षात घालून आणला. मी नाही म्हणाले नाही. फक्त त्या वर्षीपासून निरांजन खाली ठेवते आणि कोहळा बाहेरच्या खोलीत चिरते.

बाकी सगळं विसरून गेलं असतं. पण वर्षभरानं त्या पुस्तकाची नवीन आवृत्ती आली आणि मेघनानं सवयीनं ती चौकट उघडली. थॅलियमवर मेथिलीन ब्लू नाही चालत. प्रशियन ब्लू चालतं. मेथिलीन खालच्या पानावरचं होतं, तुपातून वर आलेलं. म्हणजे निळा रंग बरोबरच होता, फक्त प्रशियाचा हवा होता. आणि परीक्षेत थॅलियम आलं होतं. चौघांनीही मेथिलीन लिहिलं होतं. दोन वर्षं अभ्यास करून चौघांचं एक उत्तर एकसारखं चुकलं!

तिघंही वरुणवर तुटून पडली. "मीच म्हणालो होतो, मीच म्हणालो होतो! आता बोल!" बिचारा खाली मान घालून म्हणाला, "काय झालं होतं मला त्या दिवशी, काय माहीत." मी तेव्हा दाण्याचं कूट करायला आत गेले होते.

आता वरुण आमचा जावई आहे. दोघेही अमेरिकेत असतात, दोन वर्षांनी एकदा येतात. अजूनही जेवताना कुणी थॅलियमचा विषय काढला की सगळे त्याला हसतात, आणि तोही हसतो. खरं काय ते सांगायचं मी दर वेळी ठरवते. पण तो आला की नेमका माझ्या मौनाचा दिवस निघतो.

मी दुसरं काही करत नाही. त्याच्या पुरणपोळीवर तूप जरा जास्त वाढते. तो म्हणतो, "आई, पुरे, पुरे!" मी ऐकत नाही. वाटी रिकामी होईपर्यंत वाढते.